रविवारची पाळी

उत्तरा नक्षत्र कोरडं गेलं आणि हस्तानं नुसतं गडगडून दाखवलं. कुही तालुक्यातल्या त्या गावाचं धान ऐन पोटरीत आलेलं होतं. या दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी नसलं तर लोंबी बाहेर पडते खरी, पण आत दाणा भरत नाही. कापून घरी आणायची ती नुसती तणस. गावाच्या वरच्या अंगाला पाणी साठवायची एक बोडी होती. चांगल्या पावसात ती तलावाचा तोरा मिरवायची. पण त्या साली, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, तिच्या मधोमध म्हैस बसली तरी पाठ कोरडी राहत होती.

बोडीचं पाणी मग पाळीनं सोडायचं ठरलं. पाळ्या लावायचं काम भैयाजीकडे. त्याची जमीन बोडीला लागून, सगळ्यात वर, तेव्हा त्याला पाण्याची ददात कधी नसे आणि दुसऱ्यांचा न्याय करायला त्याचं मन मोकळं असे. त्यानं चिठ्ठ्या टाकल्या. ज्याची पाळी त्यानं दिवस उगवायच्या आत पाटावर हजर राहायचं आणि आपल्या बांधीचं तोंड उघडायचं. नाही आला तर ती पाळी पुढच्याची. हा नियम जुना होता आणि त्यावर कोणी तोंड वाजवत नसे.

सत्यवतीबाईच्या वाट्याला रविवार आला.

गावात ख्रिस्ती असं माणूस आता एक सत्यवतीबाईच उरली होती. तिच्या सासऱ्यांच्या काळी वस्तीतली बरीच घरं ख्रिस्ती झाली होती. त्यांनीच भिंती थापून, कवेलूंचं छप्पर चढवून एक प्रार्थनाघर बांधलं आणि घंटा परवडली नाही म्हणून दारापुढच्या निंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला. तो लोखंडानं बडवला की आवाज पार बोडीपर्यंत जाई. पुढं छप्पन साली सारी वस्ती बंड्या जुंपून नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन, ताठ मानेनं परत आली. ख्रिस्ती घरंही तिच्याबरोबर गेली. मागं राहिला शांतवन उपदेशक आणि त्याची बायको सत्यवती. मग शांतवनही गेला. मुलगी सुमती नागपुरात जरीपटक्याला राहत होती, दवाखान्यात नर्स होती. ती दर खेपेला म्हणे, "आई, कुलूप लाव आन चाल माह्यासंगं." सत्यवतीबाई दर खेपेला म्हणे, "यंदाचं धान होऊ दे, मंग पाहू."

धान होत होतं तोवर हे उत्तर पुरत होतं. यंदा धान बुडालं तर खायलाच काही राहणार नव्हतं. मग कुलूप लावणं आलंच, घराला आणि प्रार्थनाघरालाही. रुळाचा तुकडा निंबाला लटकत राहील आणि कोणीतरी तो भंगारात विकून टाकील, हे ती पुरतं ओळखून होती.

ती भैयाजीकडे गेली. भैयाजी ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. आजूबाजूला दोघं-तिघं रिकामटेकडे.

"भैयाजी, माही पाळी बदलून देता का? रविवार सोडून कोनताही दिवस द्या."

"काहून वं बाई? रविवारी का पाणी खारं होते?"

"रविवारी मी शेतात हात नाही लावत. तुमाले मालूम हाय."

"मले मालूम हाय. धानाले कोठी मालूम हाय?" भैयाजीनं अडकित्ता खाली ठेवला. "तुहा देव लय दयाळू म्हणते. एक रविवार माफ नाही करत?"

ओट्यावरची माणसं हसली. सत्यवतीबाई उभीच होती. तिला कोणी बस म्हटलं नाही.

"चिठ्ठी निघाली तं निघाली," भैयाजी म्हणाला. "तुम्ही आपसात बदलत असान तं बदला. शनिवार तुळसाबाईचा हाय. सोमवार..." त्यानं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "सोमवार बळीरामचा. तुह्या दिराचा."

तुळसाबाईनं दारातूनच हात हलवला. "नाही वं माय, माहं धान माना टाकून राहिलं. तुह्या रविवारापायी मी काहून मरू?" तिचंही खोटं नव्हतं.

राहिला बळीराम. त्याचं घर वाटेवरच होतं. सत्यवतीबाई त्या वाटेनं परत आली तेव्हा अंगणात त्याची बायको कांताबाई शेण सारवत होती. कांताबाईनं मान वर केली, सारवायचा हातही थांबवला. एक शब्द पुरे झाला असता. सत्यवतीबाईनं लुगड्याचा पदर सारखा केला, नजर समोर ठेवली आणि ती पुढं निघून गेली. लग्न होऊन या घरात आली तेव्हा हाच बळीराम शेंबडा पोर होता. तिनंच त्याला न्हाऊ घातलेलं, तिच्याच ताटात तो जेवलेला. वयात आल्यावर दर रविवारी रूळ बडवायचं काम त्याचं असायचं आणि प्रार्थनेच्या शेवटी त्याचं आमेन सगळ्यांच्या वर चढायचं. छप्पन साली तोही वस्तीबरोबर दीक्षा घेऊन आला. तेव्हापासून तिनं त्याच्या घरचा पाण्याचा घोटही घेतला नव्हता. शांतवन जात होता, बसत होता, जेवतही होता. ती नाही.

शनिवारी ती दिवसभर बांधीत होती. पायाखालची माती भेगाळली होती. भेगेत बोट घातलं तर ओल लागत नव्हती. बांधीभोवतीच्या मातीच्या धुऱ्यात खेकड्यांनी बिळं केली होती. पाणी येवो न येवो, बिळं बुजवायलाच हवी होती. ती गुडघ्यावर बसून, घरून आणलेल्या घागरीतलं पाणी मातीवर शिंपडून, गोळे करून बिळात ठोसत होती. तिचे गुडघे आता वाकले की सरळ व्हायला तयार नसत. दोन्ही हात जमिनीला टेकून, आधी बूड वर, मग डोकं, अशी ती उठायची. लोकांनी पाहिलं असतं तर हसले असते. पण पाहायला कोणी नव्हतं, आणि तिला तेच जास्त लागत होतं. शांतवन असताना ती अशी उठली की तो म्हणायचा, "आली आमची उंटीण." आता कोणी चिडवणारंही उरलं नव्हतं.

शेताच्या कोपऱ्यात मोहाच्या झाडाखाली त्याची कबर होती. या धुऱ्यावर उभं राहूनच तो गावकऱ्यांना कृपा म्हणजे काय ते सांगायचा. म्हणायचा, आपली पाळी नसताना आपल्या बांधीत आलेलं पाणी म्हणजे कृपा. लोक म्हणायचे, "असं पाणी कोनी सोडत नाही, उपदेशक." शांतवन म्हणायचा, "म्हनूनच तं सांगून राहिलो."

सांजेला भैयाजी पाटावरून ओरडत आला. तुळसाबाईच्या बांधीपाशी पाट फुटला होता आणि कोणाच्या ध्यानात येईतो निम्मं पाणी ओढ्याला लागलं होतं.

"ऐकून घे बाई! बोडीत आता एका दिसाचंच पाणी हाय. उद्याच्या दिसाचं. सोमवारी नुसता गाळ. उद्या पाटावर ये, नाही तं मंग रडू नको."

"आन मी नाही आली तं?"

"तं नियमानं पाणी बळीरामचं. तो काही रविवार-सोमवार पाहत नाही."

ती घरी आली. रविवारचं जेवण ती शनिवारीच रांधून ठेवत असे, तसं तिनं रांधलं. भाताला तांदूळ घेताना रोजच्यासारखी एक मूठ बाजूला काढून कोपऱ्यातल्या मडक्यात टाकली. ती मूठ प्रभूची. तिच्या सासूनं लावून दिलेली रीत होती ही: दोन्ही वेळा चुलीवर भात चढायच्या आधी एक मूठ, आणि रविवारी मडकं प्रार्थनाघरातल्या मेजावर. पूर्वी सगळ्या घरांची मडकी मिळून एक पोतं भरायचं आणि गावातल्या अडल्यानडल्याला ते जायचं. आता एकच मडकं. नागपूरचे पाळकसाहेब केव्हातरी सायकल हाकत येतात आणि पिशवीत भरून नेतात. यंदा मूठ लहान झाली होती. आपण बोटं आखडून घेतो हे तिला कळत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

रविवारी उजाडायच्या आत ती जागी झाली. कोपऱ्यात फावडं उभं होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही असं म्हणता येणार नाही. चांगलं दोनदा पाहिलं. मग तिनं आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि मडकं कडेवर घेऊन निघाली. धान जावो, पण रविवार मोडायचा नाही. शांतवननं उभ्या जन्मात मोडला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मनात एक कडू समाधानही होतं, की पाहा, माझं पाणी तो बळीराम ओढून नेतोय आणि मी देवाच्या दारात बसले आहे. देवाला दिसतंच आहे कोण कसं ते.

तिनं रूळ बडवला. कावळे उडाले, बाकी कोणी हललं नाही. आत जाऊन तिनं दाराचं कुलूप नि मडकं दोन्ही मेजावर ठेवलं आणि एकुलत्या एका बाकाच्या कडेला बसली, शांतवनची जागा सोडून. एक गीत म्हटलं. एकटीच्या गळ्यात ते दुसऱ्या कडव्याला बसलं. मग तिनं अर्पणासाठी मडक्यावर हात ठेवला आणि प्रार्थनेला डोळे मिटले.

प्रार्थना येईना. भलतंच आठवू लागलं. अर्पण मेजावर ठेवायच्या वेळी शांतवन नेहमी हात आडवा करायचा आणि सगळ्यांच्या तोंडाकडं बघायचा. म्हणायचा, "कोनाचं कोनाशी वाकडं असन तं मडकं इथंच राहू द्या. आधी त्याच्या घरी जा, मंग या. प्रभूनं सांगितलं हाय, मी नाही." एकदा दोघी जावा भर उपासनेतून उठून अंगणात भांडण मिटवायला गेल्या होत्या आणि भांडण वाढवून परत आल्या होत्या. तेव्हा सगळे हसले होते.

सत्यवतीबाईला हसू आलं नाही. तिला पेटी आठवली.

शांतवन मेला तेव्हा नागपूरहून पाळकसाहेब आणि दोन माणसं आली होती. पेटीला चार खांदे हवेत. बळीराम पुढं आला. डोक्याचं मुंडासं त्यानं काढून हातात घेतलं होतं, डोळे सुजलेले. त्यानं खांदा लावायला वाकावं तोच ती ओरडली, "तुहा हात लागू नको. तू त्याले जित्तेपनीच सोडलं." पाळकसाहेब हळूच म्हणाले होते, "बाई, असा काही नियम नाही आपल्यात." तिनं ऐकलं नाही. शेवटी पेटी बैलबंडीत घातली. सख्खा भाऊ गावात असून शांतवन उपदेशक बंडीतून गेला, मिठाचं पोतं जावं तसा, प्रत्येक खड्ड्याला आदळत. बळीराम लांबून मागं मागं चालत आला होता.

धर्मासाठी केलं, असं ती इतकी वर्षं स्वतःला सांगत आली होती. धर्मासाठी नव्हतंच ते. सगळे गेले, तूही गेलास आणि मला एकटीला ठेवलंत, एवढंच तिला म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही म्हणून तिनं त्याचा खांदा काढून घेतला.

"आता या वेळी जाऊ?" ती मोठ्यानं म्हणाली. रिकाम्या भिंतींवर आवाज आपटला. "आत्ता तो माहं पाणी घेऊन राहिला. आत्ताच जाऊ? उद्या जाते नं."

उत्तर येत नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. मग हात टेकून, बूड आधी वर करून उठली. मडकं मेजावर तसंच राहू दिलं.

कांताबाई दारातच भेटली. तिनं सत्यवतीबाईला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"इतक्या वर्सानं वाट चुकली का वं जाऊबाई?"

"बळीराम हाय का?"

"ते तं अंधारातच पावडं घेऊन गेले." कांताबाईचा आवाज धारदार झाला. "भांडाले आली असशीन तं सांगून ठेवते, नियमानं पाणी आमचं हाय. तू गेली नाही, आमची चूक नाही."

"भांडाले नाही आली," सत्यवतीबाई म्हणाली आणि शेताच्या वाटेला लागली.

ऊन चढलं होतं. पाटात पाणी पळत होतं, गढूळ, पण भरून. ती त्याच्या बरोबरीनं चालत राहिली. काय बोलायचं ते मनात जुळवत होती. जुळलेलं दर वळणावर सुटत होतं. मोहाचं झाड दिसलं आणि तिचे पाय थांबले. पाट तिच्या बांधीपाशी वळला होता. तिच्या बांधीचं तोंड उघडं होतं. भेगाळलेल्या मातीवर पाणी पसरलेलं, धानाच्या बुडख्याशी बुडबुडे येत होते. बळीराम गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून एक फुटलेलं बीळ बुजवत होता. धुऱ्याच्या खालच्या अंगाची त्याची स्वतःची बांधी कोरडी ठणठणीत.

सत्यवतीबाईच्या तोंडून निघालं ते भलतंच. माणसाचं असंच असतं.

"कोनं सांगतलं होतं तुले? रविवारी माह्या बांधीत काम नाही चालत!"

बळीरामनं मान वर केली नाही. "रविवार तुहा हाय, वहिनी. माहा थोडीच हाय?"

"पाणी तुहं होतं."

"हो. पाळी माही झाली. माह्या पाळीचं पाणी कोठी सोडाचं ते माह्या मर्जीचं."

"उद्या बोडीत गाळ हाय, बळीराम. तुहं धान?"

"मालूम हाय." त्यानं चिखलाचा गोळा बिळात दाबला, वरून पाय दिला. मग फावडं खांद्यावर टाकून तो मोहाकडं बघत बोलला, तिच्याकडं नाही. "त्या दिवशी खांदा द्याचा राहून गेला होता. दादा बंडीतनं गेला. लय जिवाले लागलं."

सत्यवतीबाई मटकन धुऱ्यावर बसली. रस्ताभर जुळवलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं. ती रडली, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. बळीराम अवघडून उभा राहिला. एकदा म्हणाला, "रडू नको वं वहिनी," आणि मग त्याचंही नाक वाहू लागलं तसं त्यानं बाहीनं पुसलं.

"माहं चुकलं, बाप्पा," ती म्हणाली. "मी तुले शांतवनच्या पेटीले हात लावू नाही देल्ला. मीच बंडीत घातलं त्याले. तूनं नाही."

"जाऊ दे."

"जाऊ नको देऊ. ऐकून घे. मले माफ कर."

कधी नव्हे ते बळीरामनं तिच्याकडं सरळ पाहिलं आणि मान हलवली, एवढंच. पण ती एवढ्यानं हलकी झाली.

तिनं चपला काढून धुऱ्यावर ठेवल्या, कासोटा खोचला आणि चिखलात उतरली.

"पावडं दे."

"काहून?"

"दे म्हणते नं."

दोन्ही बांध्यांच्या मधला धुरा शांतवन आणि बळीरामनंच वाटणीच्या साली घातला होता. सत्यवतीबाईनं फावडं उचललं आणि त्या धुऱ्यावर घातलं. पहिला घाव वरच्यावर गेला. दुसरा बसला. बळीराम धावला, "अवं, रविवार हाय आज!"

"मालूम हाय मले."

"वहिनी, दोघाइले नाही पुरत हे पाणी. तुहंच धड होऊ दे."

"अर्धं अर्धं होईन. अर्धं तं अर्धं." तिला धाप लागली होती. शांतवन काय म्हणाला असता, हे तिनं मनाला विचारलं नाही. ढेकूळ सुटलं आणि पाणी आधी चोरट्यासारखं, मग भसाभसा खाली उतरलं. बळीरामची बांधी चर्र आवाज करत ते पिऊ लागली. तेव्हा त्यानं तिच्या हातातलं फावडं काढून घेतलं, कारण धुऱ्याला फोडलेलं तोंड वाकडं पडलं होतं. त्याची बायको म्हणते तसं, त्याला दुसऱ्याचं काम कधी पसंत पडतच नाही.

दिवस कलला तोवर दोघं चिखलातच होती. इकडं फुटलं, तिकडं दाब, एवढंच बोलणं. बोडी आटली, पाट थांबला. दोन्ही बांध्यांत घोट्याएवढं पाणी उभं होतं. आठवडाभर तरी धान जीव धरेल. पुढचं हस्ताच्या हाती.

"मले जाऊ दे," ती म्हणाली. "माही प्रार्थना अर्धीच राहिली."

प्रार्थनाघराचं दार सकाळपासून उघडंच होतं. चिमण्यांनी मडक्यातले तांदूळ मेजभर केले होते. तिनं मातीच्या हातांनीच ते गोळा केले. लुगडं पोटरीपर्यंत चिखलानं भरलेलं, पाय अनवाणी. अशा अवतारात ती देवापुढं कधी उभी राहिली नव्हती. बाहेर पावलं वाजली. बळीराम दारात होता, हातात तिच्या चपला.

"धुऱ्यावर विसरून आली."

"ठेव तिथंच."

त्यानं चपला उंबऱ्याबाहेर ठेवल्या. आत तो आला नाही आणि तिनंही ये म्हटलं नाही. त्याची वाट त्यानं विचार करून धरली होती. तो पायरीवर तिच्याकडं पाठ करून बसला आणि त्यानं बिडी पेटवली.

तिनं मडक्यावर हात ठेवला. आता प्रार्थना आली. फार नव्हती. धानासाठी काही मागितलं नाही. शांतवनचं नाव घेतलं, सुमतीचं घेतलं, कांताबाईचं घेतलं आणि बळीरामचं घेताना आवाज थोडा चढवला. शेवटी आमेन म्हणाली. मागून कोणी आमेन म्हटलं नाही. पायरीवर बळीराम खोकला. या घरात तिच्या प्रार्थनेच्या शेवटी तिच्याशिवाय दुसऱ्या माणसाचा आवाज उमटून वर्षं लोटली होती.

ती मडकं कडेवर घेऊन बाहेर आली.

"हे कोठी घेऊन चालली?"

"तुह्या घरी. कांताबाईले म्हणाव, चूल पेटव. आज मी तुमच्याकडं जेवते."

बळीरामनं बिडी विझवली. "रविवारचं ताजं जेवशीन?"

"जेवीन. लय भूक लागली."

त्यानं तिच्या हातून मडकं घेतलं आणि खांद्यावर चढवलं. तिनं चपला पायांत सरकवल्या आणि प्रार्थनाघराचं दार नुसतं ओढून घेतलं. कुलूप आतल्या मेजावरच राहिलं.